कपाळाला लावलेली भाकरी

आमच्या घरी तिखट विकत आणल्याचं मला आठवत नाही. माय दिवसभर गोकुळशेटच्या गोदामात मिरचीचे देठ खुडायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तिनं दारात लुगडं कितीही झटकलं तरी चुलीपुढं बसलेल्या आम्हा सगळ्यांना ठसका लागायचा. धाकटा भाऊ तर ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की आधीच नाक दाबून बसायचा. गोदाम नांदेडात, रेल्वे स्टेशनच्या पलीकडं. शेट मूळचा धर्माबादचा, मिरचीचा बडा व्यापारी. आणि आमची चाळीसेक घरांची वस्ती त्या गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून. भिंतीच्या त्या अंगाला मिरचीचे लालभडक ढीग आणि या अंगाला आम्ही, शिंकत. वस्तीतल्या बायकांनी देठ खुडायचे, पुरुषांनी पोती उचलायची आणि शेटनं गादीवर बसून पान खायचं, अशी कामाची वाटणी होती. माझा बा तिथंच हमाल होता. मायच्या हातांची संध्याकाळी इतकी आग व्हायची की ती भाकरीचं पीठ गार पाण्यात मळायची. गार पाण्यातल्या पिठाची भाकरी कडेनं चिरते हे तिलाही ठाऊक होतं, पण हातांना तेवढंच बरं वाटायचं. आमच्या वस्तीतली प्रत्येक भाकरी चिरलेली असायची आणि वरून काही न लावताच तिखट लागायची. भाकरी मुळात गोडसर असते हे मला पुढं लातूरला आल्यावर कळलं.

त्या चाळीस घरांत रोज सकाळी एक गोष्ट न चुकता व्हायची. चूल पेटवायच्या आधी घरची बाई ज्वारीच्या डब्यात हात घालायची, एक मूठ भरून काढायची आणि दारामागच्या गाडग्यात टाकायची. घरात दळणापुरते दाणे असोत नसोत, मूठ निघायची. रविवारी विहारात वंदना झाली की धुरपताआजी डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरायची आणि गाडगी रिकामी करून न्यायची. धुरपताआजी माझ्या नात्यातली नव्हे, अख्ख्या वस्तीची आजी. नवरा नाही, मूलबाळ नाही, पण जिभेला धार अशी की जाणत्या पुरुषांनी रस्ता बदलावा. एखाद्या गाडग्यात दाणे कमी दिसले की दारातच उभी राहून ओरडायची, "काय गं, या हप्त्यात मूठ लहान झाली का तुझी? दाखीव बरं हात!" मग ती बाई खाली मान घालून ओंजळभर ज्वारी आणून ओतायची. जमलेली ज्वारी विहाराच्या मागच्या खोलीतल्या कणगीत जायची आणि खोलीची किल्ली धुरपताआजीच्या कमरेला. वर्षाकाठी त्या कणगीवर वस्तीतलं एक लेकरू बाहेरगावी शिकायला जायचं. शिकून ज्याला नोकरी लागली त्यानं दर सुगीला एक पोतं ज्वारी आणून टाकायची, अशी रीत. पहिला गेलेला पोरगा देगलूरकडं तलाठी झाला होता, तो स्टेशनपासून पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन यायचा. रिक्षात घालून आणलेलं आजीला चालायचं नाही. "वजन कळू दे लेका," म्हणायची, "इसरशील न्हाई तर." या सगळ्याला कुणी दान म्हणायचं नाही. 'मूठ घातली का?' एवढंच विचारायचे. आणि मुठीची एक अट होती. शिकणाऱ्या लेकराशिवाय ती कुणाच्या पोटात जायची नाही. कुणाचं मयत होवो, कुणाचं लग्न निघो, त्यासाठी लोक वेगळी पाटी फिरवायचे, पण कणगीला हात लावायचे नाहीत.

आता मी लातूर-नांदेड एसटीनं जाते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दानशूर लोक फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले दिसतात. पाच वह्या वाटतात आणि पन्नास फोटो काढतात. वही घेणाऱ्या लेकराची हनुवटी धरून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडं वळवतात, मला ते बघवत नाही. त्यात आमच्या वस्तीतली, मुठीवर शिकलेली रत्नंही आहेत, हे लपवून काय करू? माझा सख्खा मावसभाऊ दर वाढदिवसाला 'गोरगरिबांचा आधारवड' होतो. त्याच्या घरातलं गाडगं कधीच फुटलं आणि त्याच्या बायकोला ते कशासाठी होतं हेही ठाऊक नाही. मी एकदा त्याला तोंडावर म्हणाले, "अरे, तुझं फ्लेक्सचं कापड पुरलं असतं दोन लेकरांना गणवेशाला." तेव्हापासून तो मला वाढदिवसाला बोलवत नाही, बरंच झालं.

तर त्या वर्षीची मूठ माझी होती. दहावीला मी शाळेत पहिली आले. आमचे गुरुजी निकाल घेऊन घरी आले आणि पाटावर बसायच्या आधीच बाला म्हणाले, "सुलोचनाला लातूरला धाडायचं. सायन्स घ्यायचं." नांदेडात कॉलेजं नव्हती असं नाही. पण गुरुजींचं म्हणणं पक्कं होतं. इथं राहिली तर सकाळी कॉलेज आणि दुपारी गोदाम, पुढं नुसतंच गोदाम. ते खोटं नव्हतं. माझ्या बाकावर बसणारी शोभा नववीनंतर 'सुट्टीपुरती' म्हणून गोदामात गेली होती आणि आता नाकाला फडकं बांधून मायच्या शेजारी बसत होती. लातूरला गुरुजींच्या ओळखीची गंगाबाई म्हणून एक बाई होती, मूळची मुरुडची. ती शिकणाऱ्या मुली ठेवून घ्यायची. राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि त्याच्या बदल्यात वर्षाची चार पोती ज्वारी. पैसे घेतच नसे. कॉलेज उघडायच्या दिवशी पोती दारात पाहिजेत, नाहीतर जागा दुसरीला, असा तिचा निरोप होता. कणगीत चार पोत्यांच्या वर ज्वारी होती. धुरपताआजीनं मला खोलीत नेऊन ती दाखवली. माझा हात धरून कोपरापर्यंत ज्वारीत खुपसला आणि म्हणाली, "बघ, किती गार लागतंय. हे तुझं."

त्याच महिन्यात गोकुळशेटला आमच्याविषयी प्रेम दाटून आलं. त्याची आई वारली होती आणि नगरपालिकेची निवडणूकही जवळ आली होती. यातलं कुठलं दुःख मोठं ते मला सांगता येणार नाही. एका दुपारी जीप घेऊन तो विहारासमोर उतरला. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठ्या आणि नाकाला रुमाल. त्याच्याच मिरचीचा खाट त्याला सोसवत नव्हता! वस्ती गोळा झाली. शेट म्हणाला, आईच्या नावानं मी तुमच्या पोरांसाठी अभ्यासाचा हॉल बांधून देतो, दिवे, पंखे, पुस्तकं सगळं देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझं एकच मागणं आहे. पायाभरणीच्या दिवशी मला तुमच्या हातची भाकरी पाहिजे. मी माझे सगळे पाहुणे घेऊन येतो. आपण सगळे एका पंगतीत बसू."

यावर टाळ्या पडल्या नाहीत. 'एका पंगतीत' हे शब्द शेटच्या तोंडून आल्यावर काय वाटलं असेल, ते आज फ्लॅटमध्ये वाढलेल्या माझ्या नातवंडांना समजावता समजावता माझा घसा कोरडा पडतो. गोदामात बायकांना तहान लागली की मुनीम वरून पाणी ओतायचा आणि त्या खाली ओंजळ धरायच्या. शेटच्या घरातलं कुणी आमच्या दारात घोटभर पाणी प्यालेलं नव्हतं. मी बाच्या तोंडाकडं बघितलं. तो पहिल्या रांगेत उभा होता, खांद्यावरचा टॉवेल त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आम्हाला हॉल नको होता असं नाही, पण वस्ती हॉलला भुलली नाही. भुलली ती त्या पंगतीला.

दुसऱ्या दिवशी मुनीम येऊन सांगून गेला, "पाचशे पानं धरा. शेटजींचे पाहुणे दूरदूरचे आहेत." पाचशे पानं! चाळीस घरांनी घरातले दाणे एकत्र केले असते तरी तेवढे निघाले नसते. संध्याकाळी पुरुष विहारात बसले आणि कणगीची गोष्ट निघाली. ती काढली माझ्याच बानं.

"शेट सोताच्या तोंडानं एका पंगतीत म्हणला," बा म्हणाला. "माझ्या बापाला त्याच्या बापानं पायरी चढू दिली न्हाई. आपुन चटणी-भाकर कमी पाडली तर काय इज्जत राहील?"

"म्हणून पोरीच्या तोंडचं काढून त्याला घालतूस व्हय?" धुरपताआजी दारातून म्हणाली. बायका दारातच उभ्या होत्या.

"पोरगी माझी हाय, आजी."

"पोरगी तुझी आसंल. मूठ तुझी न्हाई."

बाकीचे मधे पडले. एक जण म्हणाला, एका पोरीचं वर्ष मागं पडलं तर पडलं, हॉल झाल्यावर शंभर लेकरं शिकतील. दुसरा म्हणाला, शेट इतका खूश झाला तर सुलीला तोच लातूरला धाडील. हे बोलणं सगळ्यांना पटलं, कारण ते पटवून घ्यायचं होतं. धुरपताआजीनं कमरेची किल्ली सोडली आणि बाच्या पुढ्यात फेकली. "घाला," म्हणाली, "घाला बाप्पा वाघाला गवत!" आणि निघून गेली. माय एक शब्द बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी? मीही बोलले नाही. गुरुजींनी मला सांगितलं होतं की आभाराचं भाषण तू करायचंस, आणि त्या भाषणानं माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं, माझं भाषण ऐकून शेट उठून उभा राहील आणि म्हणेल, ही पोरगी लातूरला माझ्या गाडीतून जाणार. पंधरा वर्षांची गाढव होते मी.

पायाभरणीच्या दिवशी उजाडायच्या आधी वस्तीभर चुली पेटल्या. घरात जागा पुरेना म्हणून बायकांनी गल्लीत दगडांच्या चुली मांडल्या. दळण आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. कणगीतली उरलेली ज्वारी वाण्याला देऊन डाळ, तेल, गूळ आणि वांगी आणली होती. एकाच वेळी चाळीस परातींत भाकरी थापल्या जात होत्या आणि त्या थापण्याचा आवाज स्टेशनपर्यंत जात असेल. त्या दिवशी बायकांनी पीठ कढत पाण्यात मळलं. माय हात पोळून घेत होती, फुंकर मारत होती आणि पुन्हा उकळत्या पाण्यात हात घालत होती. भाकरी चिरायला नको, पाहुणे काय म्हणतील? धुरपताआजी येणार नाही असं वाटलं होतं, पण तीही येऊन चुलीपुढं बसली. "नासायचंच हाय तर नीट तरी नासा," म्हणाली. दुरड्यांत पांढरीशुभ्र गोल भाकरी रचली जात होती, थरावर थर, वर ओलं फडकं. दहा वाजेपर्यंत दीड हजार भाकरी झाल्या. इतक्या सुंदर भाकरी आमच्या वस्तीत त्याआधी कधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही नाही.

अकरा वाजता तीन जीपा आल्या. पाचशे पाहुणे म्हणजे वीस-पंचवीस माणसं होती. हॉलच्या आधी हॉलची पाटी आली. संगमरवरी, सोनेरी अक्षरांची, चौघांनी उचलून आणलेली. शेटनं नारळ फोडला, खोऱ्यानं तीनदा माती ओढली, तीनही वेळा फोटोवाल्याकडं बघून. मग भाषणं. एका पाहुण्यानं सांगितलं की गरीब आणि श्रीमंत यांच्यामधली दरी अशा कामांनी बुजते. भिंतीपलीकडं गोदामाचा भोंगा झाला आणि त्या दिवशीही कामावर बोलावलेल्या चार हमालांनी उठून जाताना त्याच्याकडं वळून बघितलं. मग मी उभी राहिले. गुरुजींनी लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. शेटजी म्हणजे कल्पवृक्ष, शेटजी म्हणजे अंधारातला दीप, आमची पिढी आपल्या उपकारांची उतराई कशी होणार... अजूनही ते भाषण मला तोंडपाठ आहे. नळाला पाणी आलं नाही म्हणून मी कुणावर चिडलेली असताना मध्येच ते आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. शेट हसला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, नुसता हवेत धरला, वीतभर वर.

मग बानं पुढं होऊन हात जोडले. "शेटजी, पंगत मांडलीया." गल्लीत दोन्ही बाजूंना पत्रावळी लागल्या होत्या, सडा घातलेला, रांगोळीसुद्धा. शेटनं तिकडं बघितलं. मुनिमानं घड्याळाकडं बघितलं. मी दुरडी घेऊन बाच्या मागंच उभी होते. शेट म्हणाला, "अरे, काय सांगू तुम्हाला! आज नेमकी माझी संकष्टी. पण तुमचा मान मोडणार नाही." त्यानं दुरडीतली वरची भाकरी उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि डोळे मिटले. फोटोवाल्यानं फोटो घेतला. "आणखी एक," शेट म्हणाला, आणि आणखी एक घेतला. मग त्यानं भाकरी परत माझ्या दुरडीत ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि जीपमध्ये बसला. पाहुण्यांतल्या कुणाला अचानक पोटाचं दुखणं आठवलं, कुणाला देगलूरची गाडी गाठायची होती. पाच मिनिटांत तिन्ही जीपा गेल्या आणि गल्लीत दोन्ही बाजूंच्या पत्रावळी वाऱ्यानं उडायला लागल्या.

बा हात जोडून तसाच उभा होता. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "संकष्टी परवा झाली." संकष्टीला शेट गोदामात सगळ्या हमालांना गूळ-खोबरं वाटायचा. परवा संध्याकाळी बानं ते टॉवेलात बांधून आणलं होतं आणि आम्ही भावंडांनी भांडून खाल्लं होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला त्या क्षणी शेटपेक्षा बाचा जास्त राग आला, खोटं कशाला बोलू. तो राग मला अनेक वर्षं पुरला. तो गेल्यावर उतरला, म्हणजे काही कामाचा नव्हता.

धुरपताआजी उठली. ती माझ्याजवळ आली आणि पदराच्या टोकानं, बोट लागू न देता, वरची ती भाकरी उचलून गल्लीच्या टोकाकडं घेऊन गेली. परत आली तेव्हा तिचा हात रिकामा होता. मग कमरेवर हात ठेवून ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"रडायचं आसंल त्यांनी आत्ताच रडून घ्या," ती म्हणाली. "डाळ-भाजी आज खाऊन टाका, लेकरांना पोटभर घाला, स्टेशनावरच्या हमालांनाबी बोलवा. भाकरीला मात्र हात लावायचा न्हाई. उन्हात घाला. उद्यापासून या वाळल्या भाकरी खायच्या आन रोज घरात जेवढे दाणे दळणाला निघतेत तेवढे समदे कणगीत आणून टाकायचे. ज्याच्या घरी तवा चढल त्याच्या घरी मी येऊन बशीन."

त्या जूनचं ऊन अजून कडक होतं. पत्र्यांवर, बाजांवर, विहाराच्या ओट्यावर, जिथं जागा मिळेल तिथं भाकरी वाळत पडल्या. वस्ती लांबून पांढरी दिसत होती. आम्ही पोरं दिवसभर काठ्या घेऊन कावळे हाकत होतो. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वस्तीनं कुटके खाल्ले. वाळलेली भाकरी खलबत्त्यात कुटायची, पाण्याचा हबका मारायचा, वर कांदा आणि मीठ. तेल वाण्याकडून आणलं होतं ते पहिल्याच दिवशी संपलं. तिसऱ्या दिवशी लेकरं कुरकुरायला लागली, पाचव्या दिवशी मोठ्यांची तोंडं सोलवटली, आणि शेवटी शेवटी माणशी एक भाकरीसुद्धा येत नव्हती. शोभानं स्वतःच्या वाट्याचे कुटके माझ्या ताटात टाकले आणि म्हणाली, "खा गं. तुला पाठ करायचं अस्तंय." आठ दिवस आमच्या वस्तीतून चुलीचा धूर निघाला नाही. मुनिमाला नवल वाटलं असावं. त्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय हो, सुतक आहे का?"

"हाव," धुरपताआजी म्हणाली. "आमच्या अकलंचं."

आठव्या दिवशी कणगीत तीन पोती भरली. चौथं भरेना. धुरपताआजीनं आणखी एक मूठ लावली. सकाळची होतीच, आता दिवेलागणीलाही घालायची. मग माय आणि ती, दोघी माझ्याबरोबर लातूरला आल्या. गंगाबाई दारात तीन पोती बघून म्हणाली, "बाई, चार ठरली होती." धुरपताआजी पोत्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. एरवी कुणापुढं हात पसरायला जाणारी बाई नव्हे ती, पण त्या दिवशी तिनं सांगितलं. गंगाबाईनं ऐकून घेतलं, एका पोत्यात हात घालून दाणे बघितले. चाळीस घरांची चाळीस तऱ्हेची ज्वारी, कुठं पिवळी, कुठं काळपट. "दिवाळीपर्यंत आणा चौथं," ती म्हणाली. दिवाळीच्या आधीच ते आलं. ते बानं आणलं होतं, पाठीवर. दारात टाकलं आणि पाणीसुद्धा न पिता परत गेला. दुसऱ्या दिवशी त्याला गोदामावर जायचं होतं. तो मरेपर्यंत त्याच गोदामावर गेला, शेटला रोज रामराम घालत राहिला. मी म्हणायचे, सोड ते. तो म्हणायचा, "सोडून जाऊ कुठं?"

हॉलचं विचारता? झाला की. शेट निवडणूक जिंकल्यावर तीन वर्षांनी. एक खोली, पत्र्याची, दारावर ती संगमरवरी पाटी. पुस्तकं आली नाहीत. किल्ली मुनिमाकडं. आणि सुगीच्या दिवसांत गोदामात माल मावेनासा झाला की शेटची पोती तिथं पडायची. आमच्या पोरांच्या अभ्यासाच्या हॉलात मिरची! सुट्टीत घरी गेले की मी त्या पाटीसमोर उभी राहून शिंकायचे. मूठ मात्र चालू राहिली. माझ्यामागून शोभाची धाकटी बहीण गेली, मग आणखी दोघं, मग आणखी. मी लातूरच्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या सुगीला पोतं घेऊन गेले. स्टेशनपासून ते मला काही उचलेना. पंचवीस पावलांवर थांबत, ओढत, रडत कसंबसं विहारापर्यंत नेलं. धुरपताआजी तोवर अंथरुणाला खिळली होती. तिनं पडल्या पडल्या विचारलं, "जड हाय का?" मी म्हणाले, "लई." ती म्हणाली, "मग ठीक हाय."

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन आला. पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलणारा. नाव चिराग, गोकुळशेटचा नातू, परदेशात शिकून आलेला. आजोबांच्या नावानं फाउंडेशन काढलंय, म्हणाला, जुना हॉल पाडून मोठी अभ्यासिका करायची आहे, वस्तीचा विकास, आर्थिक दरी मिटवायची वगैरे. मी वस्तीतून शिकून पुढं आलेली पहिली मुलगी, म्हणून उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून यायचं. बोलता बोलता त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. शेट, डोळे मिटलेला, कपाळाला भाकरी. मागं दुरडी धरलेली एक काळी, काटकुळी पोर, अर्धीच आलेली.

"हा ऐतिहासिक फोटो आहे, मॅडम. आम्ही याचाच लोगो केलाय. ती मुलगी कोण, ते मात्र कळत नाही."

"मीच ती," मी म्हणाले.

"काय सांगता! मग तर त्या भाकरीची गोष्ट तुम्हीच सांगा त्या दिवशी. आमच्या घरात लहानपणापासून ऐकतोय आम्ही. आजोबा सगळ्या वस्तीबरोबर एका पंगतीत बसले आणि तीच भाकरी खाल्ली."

त्या पोराचा काय दोष, असंही मनात आलं. पण मग मायचे पोळलेले हात आठवले.

"नाही बाळा," मी म्हणाले. "तुझ्या आजोबांनी ती खाल्ली नाही. कपाळाला लावून परत ठेवली. म्हणून आमच्या आजीनं ती आम्हालाही खाऊ दिली नाही. गल्लीच्या टोकाला कुत्र्याला घातली."

मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पण लोगो छापून झालाय."

"मग लावा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. चूल पेटवायची आता राहिली नाही, गॅस आहे. पण सकाळची मूठ घालायची तेवढी राहिली होती, ती घातली.